संध्याकाळी साडेसहाला ब्रेड आणि चीज: स्विस माणसं घरी रोज काय खातात आणि का

मागच्या वर्षी मावशी आणि काका युरोप टूर करून आले आणि टूर संपल्यावर आठवडाभर आमच्याकडे राहिले, आम्ही विंटरथूरला राहतो, झुरिकपासून ट्रेननी पंचवीसेक मिनिटं. टूरमध्ये रोज रात्री वरणभात-भाजी मिळाली होती, युंगफ्राउयोखला ३४५४ मीटर उंचीवरसुद्धा भारतीय जेवण मिळालं, त्यामुळे त्यांचे हाल काही झाले नाहीत, पण मावशी मुळात स्वयंपाकघरातली माणूस, तिनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, इथली माणसं घरी रोज खातात काय?" मी म्हटलं, बऱ्याच घरांत संध्याकाळी साडेसहाला ब्रेड, बटर, चीज आणि दुधाची कॉफी. तिला ते पटेचना. एवढा श्रीमंत देश आणि रात्रीचं जेवण म्हणजे थंड ब्रेड?

हा प्रश्न मला फार योग्य वाटतो, कारण त्याचं उत्तर द्यायला गेलं की अख्खा देश उलगडतो. तर आठवडाभर तिला जे तुकड्यातुकड्यांनी सांगत होते ते इथे सलग लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे हा देश कायमच श्रीमंत होता. नव्हता. कित्येक शतकं इथली पोरं पोटासाठी दुसऱ्या राजांच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून जायची, नंतर गावंच्या गावं अमेरिकेला निघून गेली. देशाचा साधारण ६० टक्के भाग आल्प्स, १० टक्के जुरा नावाचे डोंगर, आणि मधला जो पट्टा उरतो त्यातच काय ती बरी शेती. उंचावर गहू नीट पिकत नाही, उन्हाळा पुरत नाही त्याला, पण गवत मात्र भरभरून येतं. आता गवत माणसाला पचत नाही, गाईला पचतं. स्विस जेवणाचा पाया एवढाच आहे: जिथे धान्य येत नाही तिथलं गवत गाईच्या पोटातून फिरवून माणसाच्या ताटात आणायचं.

पण दूध मिळतं कधी आणि लागतं कधी याचा मेळ बसत नाही ना. गवत जूनपासून सप्टेंबरपर्यंत, बर्फ पुढचे सहा महिने. म्हणून उन्हाळा आला की गाई वर डोंगरातल्या कुरणांवर न्यायच्या, त्या कुरणाला आल्प म्हणतात, आणि साधारण शंभर दिवस तिथेच राहून रोजच्या रोज दुधाचं चीज करायचं. वर एक-दोन माणसं गाई सांभाळणारी आणि चीज करणारी, गाई मात्र खालच्या वेगवेगळ्या घरांच्या, दूध सगळ्यांचं एकत्र. मग हिशोब कसा करायचा? बर्न कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) युस्टिसताल नावाच्या दरीत सप्टेंबरमध्ये खेस्टाइलेट होतं, म्हणजे शब्दशः चीजची वाटणी. ज्याच्या गाईनी जेवढं दूध दिलं त्या प्रमाणात त्याला चीजच्या चकत्या मिळतात, चकत्यांचे ढीग रचतात आणि कुठला ढीग कुणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात म्हणजे चांगलं-वाईट यावरून भांडण नको. मग घंटा बांधलेल्या, फुलांनी सजवलेल्या गाई खाली गावात येतात. मावशी म्हणाली, "आपला पोळाच की!" पोळा बैलांचा आणि हे गाईंचं, आणि कारणंही वेगळी, पण जनावराला सजवण्यामागचा जीव तोच. आल्पच्या या सगळ्या पद्धतीला २०२३ मध्ये युनेस्कोनी जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, इमारती-बिमारतींच्या नाही, चालत आलेल्या परंपरांच्या यादीत.

आता चीज म्हणजे नक्की काय, कारण आपल्याकडे चीज म्हटलं की क्यूब किंवा स्लाइस डोळ्यासमोर येतं. आपण पनीर करतो तेव्हा गरम दुधात लिंबू पिळतो, आंबटपणामुळे दूध फाटतं. ग्रुयेर किंवा एमेंटालरसारखं कडक चीज करताना दूध आंबवून फाडत नाहीत, कोमट दुधात रेनेट नावाचं एंझाइम घालतात, त्यानी दूध खरवसासारखं थलथलीत लागतं, मग ते तारांच्या चौकटीनी बारीक कापायचं, तापवायचं, पाणी निथळवायचं, दाबायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि तळघरात महिनोन्‌महिने फळीवर ठेवून उलटसुलट करत राहायचं. ग्रुयेरच्या ३५ किलोच्या एका चाकाला ४०० लिटर दूध लागतं आणि ते कमीत कमी ५ महिने मुरतं. म्हणजे अकरा-बारा लिटर दुधाचं एक किलो. चारशे लिटर दूध कुणी पाठीवरून डोंगर उतरवू शकत नाही आणि उतरवलं तरी नासेल, तेच ३५ किलोचं चाक झालं की एक माणूस पाठीला बांधून आणतो आणि ते वर्षभर टिकतं. लोणचं-पापड-सांडगे करणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

इथे शाकाहारी लोकांनी नीट लक्ष द्या, कारण टूरवर कुणी सांगत नाही. रेनेट वासराच्या पोटातून काढतात. ग्रुयेरच्या नियमातच वासराचं रेनेट लिहिलंय, आणि बहुतेक पारंपरिक स्विस चीज असंच बनतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात पाकिटावर बघावं, वनस्पती किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेली चीजही मिळतात. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली, टूरमध्ये दोनदा फाँड्यू, म्हणजे वितळवलेलं चीज, खाल्लं होतं. मला तिला सांगणं गरजेचं वाटलं, काय खायचं ते ज्याचं त्यानी ठरवावं पण माहीत असून ठरवावं.

एमेंटालरच्या भोकांचं काका सारखे विचारत होते. चीज मुरताना त्यातले एका जातीचे बॅक्टेरिया कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्या वायूची भोकं. पण तो वायू ठरावीक ठिकाणीच का साठतो याचं उत्तर २०१५ मध्ये इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेनी, आग्रोस्कोपनी दिलं: दुधात पडलेले वाळक्या गवताचे अगदी सूक्ष्म कण, त्यांच्याभोवती भोक तयार होतं. पूर्वी गोठ्यात उघड्या बादलीत दूध काढायचे, आता बंद मशीननी, दूध स्वच्छ झालं आणि भोकं कमी व्हायला लागली होती.

फाँड्यूबद्दल जरा जास्त लिहिते कारण त्याबद्दल गैरसमज फार. मूळ गोष्ट साधी: हिवाळ्यात घरात काय असतं, मुरलेलं चीज आणि वाळून दगड झालेला ब्रेड. चीज वितळवा, ब्रेड बुडवा, दोन्ही मऊ. पण हे पूर्वी मुख्यतः पश्चिमेकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं खाणं होतं, सगळ्या देशाचं नव्हतं. ते 'राष्ट्रीय' झालं ते चीज युनियनमुळे. १९१४ मध्ये चीजचा व्यापार आणि भाव सांभाळायला ही संघटना निघाली, आणि १९३० च्या दशकात जेव्हा चीज खपेना तेव्हा त्यांनी फाँड्यूची जाहिरात जोरात सुरू केली, का तर एका वेळी एवढं चीज संपवणारा दुसरा पदार्थ नाही. पुढे १९५० च्या दशकात सैन्याच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात फाँड्यू गेलं, आणि इथे पुरुषांना सैन्यसेवा सक्तीची, त्यामुळे सगळ्या भागातले जवान ते शिकून घरी गेले. चीज युनियन १९९९ मध्ये बंद झाली, फाँड्यू राहिलं.

आणि त्यामागचं विज्ञान सांगते, स्वयंपाक करणाऱ्याला आवडेल असं आहे. नुसतं चीज तापवलं तर तूप वेगळं आणि रबराचा गोळा वेगळा होतो. कारण चीजमधल्या प्रोटीनची जाळी कॅल्शियमनी बांधलेली असते, उष्णतेनी ती आवळते आणि तूप बाहेर ढकलते. पांढऱ्या वाइनमध्ये टार्टरिक ॲसिड असतं, आपल्या चिंचेत असतं तेच, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, जाळी सैल होते आणि सगळं एकजीव वाहायला लागतं, वर चमचाभर कॉर्नफ्लॉवर घातलं की परत गोळा होत नाही. म्हणून वाइन तिथे चवीपुरती नसते, तिचं काम असतं. मुलांसाठी सफरचंदाचा रस आणि लिंबू घालूनही जमतं. सगळ्यात नेहमीचं मिश्रण म्हणजे मुआतिए-मुआतिए, अर्धं ग्रुयेर अर्धं वाशराँ नावाचं दुसरं चीज, आणि फ्रिबुर्गमध्ये तर नुसत्या वाशराँचं फाँड्यू पाण्यात करतात, मंद आचेवर, त्यात वाइनच नाही. मातीच्या किंवा बिडाच्या भांड्याला, काक्लाँला, आधी आतून लसूण चोळायचा, जेवताना खालून सतत तळ घासत ढवळायचं, सोबत पांढरी वाइन नाहीतर गरम चहा. शेवटी तळाला जी खरपूस चीजची पापडी धरते तिला रेलिज्यूझ म्हणतात आणि ती सगळे वाटून घेतात, दुधाच्या पातेल्यातली खरवड जशी. आणि इथले लोक हे थंडीतच खातात, जुलैमध्ये फाँड्यू खाताना दिसतात ते बहुतेक आपण पर्यटक.

राक्लेट त्याचाच सख्खा भाऊ, व्हॅले कँटनचा, चीजचं अर्धं चाक विस्तवासमोर धरायचं आणि वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यांवर खरवडून घ्यायचा, सोबत व्हिनेगरमधल्या काकड्या आणि छोटे कांदे. घरोघरी त्याचं इलेक्ट्रिक मशीन असतं आणि पाहुणे आले की तेच निघतं कारण यजमानाला स्वयंपाकघरात अडकून पडावं लागत नाही.

बटाटा इथे उशिरा आला, अठराव्या शतकात रुळला, पण आल्यावर त्यानी माणसं जगवली. दुसऱ्या महायुद्धात चारही बाजूंनी वेढलेल्या या देशानी १९४० मध्ये फ्रीडरिख ट्राउगोट वालेन यांची योजना घेतली आणि बागा-मैदानं नांगरली, झुरिकच्या ऑपेरासमोरच्या मैदानातसुद्धा बटाटे लावले होते. रोश्टी त्याच बटाट्याची: आदल्या दिवशी सालासकट उकडलेले बटाटे दुसऱ्या दिवशी जाड किसायचे आणि बटरवर तव्यात थापून दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. शिळ्या बटाट्याचा कीसच नीट होतो, ताज्या उकडलेल्याचा लगदा होतो, थालीपीठ थापणारीला हे हातानीच कळतं. मुळात ही बर्नकडच्या शेतकऱ्यांची सकाळची न्याहारी, शेतावर जायच्या आधीची. जर्मन आणि फ्रेंच बोलणाऱ्या भागांमधल्या सीमेला इथे गंमतीनी रोश्टीग्राबन म्हणतात, म्हणजे रोश्टीचा खंदक, साधारण झाने नदीच्या काठानी. मतदानाचा नकाशा बघितला की तो खंदक दिसतोसुद्धा, ६ डिसेंबर १९९२ ला युरोपियन इकॉनॉमिक एरियात जायचं का यावर मतदान झालं तेव्हा सगळे फ्रेंच भाषक कँटन हो म्हणाले आणि जर्मन भाषक भाग बहुतेक नाही म्हणाला, आणि देश अगदी थोडक्या फरकानी बाहेर राहिला.

बाकी कोपऱ्यांमध्ये काय काय आहे ते पटापट सांगते. दक्षिणेला टिचिनोत इटालियन भाषा आणि पोलेंटा म्हणजे मक्याची घट्ट कढवलेली लापशी, रिसोटो, शरदात भाजलेले चेस्टनट. ग्राउब्युंडनमध्ये कापुन्स, पालकासारख्या पानात पीठ आणि सुकं मांस गुंडाळून दुधात शिजवतात, बघितल्यावर अळूवडीच आठवते. आणि एल्प्लरमाग्रोने, माझं सगळ्यात आवडतं, मॅकरोनी, बटाटा, चीज, क्रीम, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. वर आल्पवर वाळकी मॅकरोनी न्यायला हलकी आणि टिकाऊ, चीज आणि क्रीम तिथेच तयार. चार भाषा, २६ कँटन, म्हणून "स्विस जेवण" असं एक ताट वाढून दाखवताच येत नाही.

आता घड्याळाकडे येऊ, कारण मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. स्विस जर्मनमध्ये खाण्यांची नावंच वेळेवरून आहेत. सकाळचं त्समोर्गे, नऊचं त्स्नूनी, नूनी म्हणजे नऊ, दुपारचं त्समिताग, चारचं त्स्फिएरी, फिएरी म्हणजे चार, आणि रात्रीचं त्स्नाख्त. मुलांच्या दप्तरात त्स्नूनीचा छोटा डबा असतोच, त्यात गाजर, सफरचंद, ब्रेडचा तुकडा, शाळा सांगतात गोड देऊ नका. चारला मात्र ब्रेडमध्ये चॉकलेटची वडी घालून द्यायची पद्धत आहे, माझी मुलगी त्यासाठी पळत घरी येते. बाराला सगळं थांबतं. प्राथमिक शाळा दीड तास सुटते आणि कित्येक गावांत मुलं अजूनही घरी जाऊन गरम जेवतात. मुख्य जेवण दुपारचं, पोट तेव्हाच भरलेलं, म्हणून संध्याकाळी हलकं. ब्रेड, बटर, जॅम, चीज आणि दुधाची कॉफी या जेवणाला नाव पण आहे, कॅफे कोंप्ले. गरिबी म्हणून नाही, तसं ठरलेलं आहे म्हणून. पण एक खरं सांगते, रोज बाराला घरी गरम जेवण तयार हवं याचा अर्थ घरी कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. या देशात बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला तो १९७१ मध्ये. दुपारच्या त्या सुंदर परंपरेची किंमत कुणी भरली हे मला रोज बारा वाजता जाणवतं. आता बऱ्याच शाळांमध्ये मुलांच्या दुपारच्या जेवणाची पैसे भरून सोय होते, आमची पण तिथेच जेवते आठवड्यातले तीन दिवस.

जेवायला बसलं की कुणी घास घेत नाही जोवर "एन ग्वेते" म्हणत नाहीत, म्हणजे छान जेवा. ऑफिसच्या कँटीनमध्ये अनोळखी माणूससुद्धा बाजूनी जाताना म्हणतो. ग्लास भिडवताना एकमेकांच्या डोळ्यात बघायचं. आणि साडेसहाला बोलावलं तर साडेसहाला पोचायचं.

वेळ वाचवायचं खाणं पण इथूनच जगात गेलं. १९ व्या शतकात कारखाने वाढले, बायकाही दिवसभर कामावर, घरी शिजवायला वेळ नाही, कामगार कुपोषित. फ्रिडोलिन शूलर नावाचे डॉक्टर कारखान्यांचे इन्स्पेक्टर होते, त्यांनी सुचवलं की डाळीचं स्वस्त, पटकन शिजणारं पीठ करा. ते काम ज्या पिठाच्या गिरणीवाल्यानी केलं त्याचं नाव युलियुस माग्गी. १८८६ मध्ये त्याचं तयार सूप आणि चवीसाठी घालायच्या सॉसची ती तपकिरी बाटली बाजारात आली. हो, आपली मॅगी! १९४७ मध्ये ती कंपनी नेस्लेत गेली, नूडल्स भारतात फार नंतर आल्या. विंटरथूर-झुरिक लोकलवर केम्पटाल स्टेशनला माग्गीची जुनी फॅक्टरी खिडकीतून दिसते, काकांनी तिथे उतरून फोटो काढला.

म्युस्लीची गोष्ट उलट्या बाजूची. १९०० च्या सुमाराला झुरिकचे डॉक्टर माक्सिमिलियान बिर्खर-बेनर रुग्णांना कच्चं खा म्हणून सांगत होते, जेव्हा बाकीचे डॉक्टर मांस आणि शिजवलेलं खा म्हणायचे. त्यांच्या वाटीत मुख्य गोष्ट सफरचंद, सालाबियांसकट किसलेलं, रात्रभर भिजवलेले ओट्स फक्त एक चमचा, लिंबू, गोड आटवलेलं दूध, बदाम किंवा हेझलनटचा कूट. आज दुकानात जे मिळतं त्यात प्रमाण बरोब्बर उलटं झालंय. इथे बऱ्याच घरात बिर्खर म्युस्ली रात्रीचं जेवण म्हणूनही चालतं.

आणि भारताचा धागा आहेच. १९५२ मध्ये म्यॉवेनपिक या रेस्टॉरंट साखळीच्या उएली प्रागेर यांनी री कासिमीर नावाचा पदार्थ आणला, भात, करीतलं मांस आणि वर केळं-अननस, आणि तो इतका रुजला की शाळेच्या जेवणात असतो. दुसरी गोष्ट मला जास्त जवळची: झुरिकचं हिल्टल, १८९८ पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट, तिथल्या मार्ग्रिट हिल्टल १९५१ मध्ये दिल्लीला शाकाहाराच्या जागतिक परिषदेला गेल्या आणि येताना मसाले घेऊन आल्या. तेव्हापासून तिथे भारतीय पदार्थ आहेत. मावशीला तिथे नेलं, तिनी दोनदा वाढून घेतलं.

पण तिला खरं आवडलं ते वेगळंच. ग्लारुस कँटनमध्ये शाबत्सीगर नावाचं चीज होतं, हिरवं, शंकूच्या आकाराचं, किसून खायचं. १४६३ मध्ये तिथल्या गावसभेनी ते कसं करायचं आणि त्यावर शिक्का मारायचा याचा कायदा केला, इतकं जुनं. हे लोणी काढलेल्या दुधाचं, आणि ते रेनेटनी नाही, आपल्या पनीरसारखं आंबट आणि गरम करून फाडतात. हिरवा रंग आणि वास एका पाल्याचा, जो मेथीच्याच कुळातला आहे, निळ्या फुलांची मेथी म्हणा. शेवटच्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही कॅफे कोंप्ले केलं, काळसर ब्रेड, त्यावर बटर, त्यावर किसलेलं शाबत्सीगर. मावशीनी आधी वास घेतला, मग परत घेतला. "अगं, हे तर मेतकूट!" म्हणाली, आणि काकांच्या ताटातला तुकडा पण घेतला. पुण्याला जाताना बॅगेत तीन शंकू होते.